कोशिका-विभाजनाचे नियंत्रण

कोशिकेचे दोन कन्या कोशिकांत विभाजन होताना डीएनएचे द्विगुणन, गुणसूत्रांची समान वाटणी व कोशिकाद्रव्याचे विभाजन या क्रिया ठराविक क्रमानेच घडाव्या लागतात. हा क्रम राखणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण व क्रियाशीलता कोशिका मुख्यतः दोन प्रकारे नियंत्रित करते : प्रथिनाचा नाश करून आणि त्याचे कार्य तात्पुरते रोखून.

विभाजनास चालना देणारी कायनेज एंझाइमे सायक्लीन या प्रथिनाशी संयोग झाल्याशिवाय कार्य करीत नाहीत. टिमोथी हंट यांना १९८२ मध्ये सागरी अर्चिनाच्या अंड्यांत असे आढळले की, सायक्लीन हळूहळू साठत जाते व प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होते. सर्व गुणसूत्रे तर्कूच्या तंतूंशी योग्य प्रकारे जोडली गेल्यावर पश्चावस्था-प्रवर्तक संकुल सायक्लिनास युबिक्विटीन या लहान प्रथिनाची साखळी जोडते. अशी खूण झालेल्या प्रथिनाचे प्रोटिएसोम या पिंपाच्या आकाराच्या संकुलात तुकडे होतात. नष्ट झालेले प्रथिन परत येत नसल्याने चक्र उलट फिरत नाही.

डीएनएला इजा झाल्यास मात्र विभाजन केवळ थांबवावयाचे असते. एरवी सीडीसी-२५ सी हे एंझाइम कायनेजावरील रोधक फॉस्फेट काढून त्यास क्रियाशील करते. इजा झाल्यावर या एंझाइमालाच फॉस्फेट जोडले जाते, १४-३-३ प्रथिने त्यास बिलगतात व त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरतात. दुरुस्तीनंतर हा अडसर दूर होऊ शकतो. या रोधासाठी १४-३-३ गॅमा हे प्रथिन आवश्यक असल्याचे पनवेल तालुक्यातील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले.

नियंत्रण ढळल्यास सदोष डीएनए असलेल्या कोशिकाही विभागत राहतात व कर्करोग उद्‌भवू शकतो. पी-५३ हे प्रथिन इजा झालेल्या कोशिकेचे विभाजन रोखते. गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन कोशिकेच्याच युबिक्विटीन यंत्रणेकडून पी-५३ चा नाश घडवून आणते. उलट, प्रोटिएसोमाचे कार्य रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध अस्थिमज्जेतील मायलोमा या कर्करोगावर २००३ पासून वापरात आहे.