कवडीचें मोल

एखादी वस्तु मातीच्या भावानें गेली म्हणजे ती ‘कवडीमोल’ झाली असें म्हणतात, आणि कफल्लक माणसापाशीं ‘फुटकी कवडीहि’ नसते. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या माळेंत व सारीपाटावर श्रोत्यांनीं ती पाहिलीच असेल. पण ही कवडी म्हणजे एका लहानशा समुद्री गोगलगाईचें घर, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

हा प्राणी हिंदी व पॅसिफिक महासागरांतील उथळ पाण्यांत, पोंवळ्यांच्या खडकांवर शेवाळ खाऊन राहतो. लिनीअसनें १७५८ सालीं त्याला नांव दिलें तेंहि पैशावरूनच, ‘मोनेटा’. कवडी बहुधा इंचाहून लहान असते. जिवंतपणीं प्राणी आपली मऊ त्वचा दोहों बाजूंनीं वर पसरून कवच झांकून घेतो, व तीच त्वचा त्यावर चुन्याचे नवे थर चढविते. कवडीची चकाकी ती हीच. लहानपणीं कवचाचें तोंड रुंद व ओठ पातळ असतो. वयांत येतांच ओठ आंत वळतो, त्याला दांते फुटतात व तोंडाची केवळ एक फट उरते. पुढें कवडी लांबीनें वाढत नाहीं, जाड मात्र होते. अशी वस्तु सहसा झिजत नाहीं, फुटत नाहीं, आणि टांकसाळीच्या चोरांना ती पाडतांहि येत नाहीं!

मालदीव बेटांतले लोक नारळीच्या झांवळ्या समुद्रांत टाकीत. त्यांना कवड्या चिकटत. १३४३ सालीं तेथें गेलेला व पुढें काजी झालेला इब्न बतूता लिहितो कीं, त्या खड्ड्यांत ठेवून मांस कुजूं देत, व बंगालच्या तांदुळाच्या बदल्यांत देत. एका सोन्याच्या दिनारास चार लाख कवड्या. स्वस्ताई झाली कीं बारा लाखांपर्यंत!

बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’च्या आरंभींच कोष्टक दिलें आहे : २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. गुणून पाहावें, १२८० कवड्या होतात. अठराव्या शतकांतील बंगाल्यांत ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण. गुणाकार पुन्हां १२८०. सहाशें वर्षांत पोटविभाग बदलले, हिशेब बदलला नाहीं.

असे चार काहण म्हणजे एक रुपया. सिल्हेट जिल्ह्याचा सारा कवड्यांतच येई. तेथील कलेक्टर रॉबर्ट लिंडसे ह्यानें आपल्या आठवणींत तो अडीच लक्ष रुपये सांगितला आहे. म्हणजे १२८ कोटी कवड्या! त्या कोठारांत भरून, होड्यांवर चढवून डाक्क्यास न्याव्या लागत. सरकारास हा खटाटोप नकोसा व्हावा हें स्वाभाविकच होतें. पण रयतेचा बाजार ह्याच चिमुकल्या नाण्यावर चाले, हें कोणीं पाहावें?

१८०३ सालीं ओरिसा कंपनीच्या हातीं गेला, आणि तेथें सारा चांदीच्या रुपयांत मागितला जाऊं लागला. खेड्यांत चांदी थोडी, कवडी मुबलक. कवडीचा भाव घसरला. तितक्याच सार्‍यासाठीं शेतकर्‍यास पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक कवड्या मोजाव्या लागल्या, आणि भाताचें पीक वाढलें नव्हतें. १८१७ सालीं खुर्द्याच्या पाइकांनीं बंड केलें. जमिनी गेल्याचें व मीठ महागल्याचें दुःख त्यामागें होतेंच, त्यांत ह्या घसरलेल्या कवडीचीहि भर पडली होती.