गट नंबर हा आकडा नव्हे

शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावातली एखादी जमीन सातबाऱ्यावर शोधायची, तर गावाचं नाव आणि गट नंबर लागतो. समजा, तो नंबर १२/२ आहे. तलाठी असो की शेतकरी, वाचणाऱ्याला तो लगेच कळतो: बारा नंबरच्या गटाचा दुसरा पोटहिस्सा. संगणकाला मात्र हे आधी सांगावं लागतं. एक्सेलच्या साध्या रकान्यात १२/२ टाइप करा, त्याची तारीख होते. भागाकार मानला तर उत्तर सहा येतं. गट नंबर म्हणजे अक्षरांची ओळ, प्रोग्रॅमरच्या भाषेत स्ट्रिंग.

शासनाची प्रणाली आतून कशी आहे, ते बाजूला ठेवू. आपलाच एक छोटा प्रोग्रॅम जावा भाषेत लिहू. त्यात ‘शोधा’ नावाच्या दोन मेथड, म्हणजे नाव देऊन चालवायचे कोडचे तुकडे, आहेत: एक खाते क्रमांक घेते, म्हणजे इंट (पूर्णांक), दुसरी गट नंबर घेते, म्हणजे स्ट्रिंग. नेहमीच्या कोडमध्ये कोणती मेथड चालवायची हे कंपायलर आधीच ठरवून टाकतो. पण मेथडचं नावच जर प्रोग्रॅम चालू असताना, एखाद्या फाइलमधून किंवा मेनूतून येणार असेल, तर कंपायलरचं काम आपल्या गळ्यात पडतं. यासाठीची रिफ्लेक्शन ही सोय जावात १९९७ साली, १.१ या आवृत्तीत आली.

यात दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींची शिस्त वेगळी आहे. बहुतेक गोंधळ इथेच होतो. पहिली पायरी मेथड शोधण्याची. ‘गेटमेथड’ला नाव आणि पॅरामीटरचे प्रकार द्यायचे, ते तंतोतंत जुळले पाहिजेत. मेथड लाँग (मोठा पूर्णांक) घेत असेल आणि तुम्ही इंट म्हणालात, तर ‘अशी मेथड नाही’ असं उत्तर येतं. दुसरी पायरी ‘इन्व्होक’ची, म्हणजे मेथड चालवण्याची. ती जरा सैल आहे: लाँगच्या जागी इंट दिला तर चालतो, इंटच्या जागी लाँग दिला तर नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती याच्याही आधी. हातातली मूल्यं ऑब्जेक्टच्या ॲरेमध्ये (यादीत) असतात, आणि तिथे इंट ‘इंटीजर’ या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळूनच बसतो. प्रत्येकाला त्याचा प्रकार विचारला की खाते क्रमांक ‘इंटीजर’ असं सांगतो. ‘इंट’ असं तो कधीच सांगत नाही. मग समोर असलेली मेथडही सापडत नाही. उपाय थोडा कष्टाचा आहे. त्या नावाच्या सगळ्या मेथड गोळा करायच्या, पॅरामीटरची संख्या जुळते त्या ठेवायच्या, इंट-इंटीजरची जोडी लावायची आणि उरलेल्यांतून सर्वांत जवळची निवडायची. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये प्रकारांतल्या अंतराला गुण देऊन हे होतं. कमी गुणांची मेथड जिंकते. अपाची कॉमन्स या लायब्ररीत काटेकोर आणि सैल असे दोन्ही मार्ग आहेत. जमिनीच्या नोंदींसाठी मी काटेकोर मार्गच घेईन. सैल जुळणी म्हणजे शेवटी अंदाज, आणि कुणाच्या वावराच्या बाबतीत यंत्राने अंदाज करू नये.

पण प्रकार जुळला म्हणून अर्थ जुळतोच असं नाही. नव्या सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये. संगणकाला दोन्ही ‘डबल’च, म्हणजे नुसत्या दशांश संख्या. एक हेक्टर म्हणजे १०० आर, त्यामुळे एकक चुकलं तर क्षेत्र शंभरपट चुकतं आणि कुठेही एरर येत नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच गेलं: एका बाजूने आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद म्हणून वाचले. म्हणून क्षेत्रासाठी नुसता डबल न वापरता ‘हेक्टरक्षेत्र’, ‘आरक्षेत्र’ असे स्वतःचे क्लास करावेत. मग एकाच्या जागी दुसरा दिला की रिफ्लेक्शनही तो नाकारतं.

सर्वांत अवघड आहे तो रिकामा रकाना. पोटखराब्याची (लागवडीला अयोग्य जमिनीची) नोंदच नसेल तर हातात येतो नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण, आणि नलला स्वतःचा प्रकार नसतो. तो इंटच्या जागी कधीच बसत नाही, पण स्ट्रिंगच्या, इंटीजरच्या, कुठल्याही क्लासच्या जागी बसतो. स्ट्रिंग घेणारी आणि इंटीजर घेणारी अशा दोन मेथड समोर असतील, तर कंपायलर ‘संदिग्ध’ म्हणून थांबतो. आपण लिहिलेला शोध मात्र यादीत आधी दिसेल ती उचलतो, आणि जावा मेथडची यादी ठरावीक क्रमाने देण्याची हमी देत नाही. आज एक चालेल, दुसऱ्या मशिनवर दुसरी. तिथे प्रोग्रॅमने निवड न करता एरर द्यावी, आणि तो रकाना माणसाकडे परत पाठवावा.