कायद्याची कुळकथा

कायद्याची पदवी घेतलेला एखादा तरुण वकिलीची सनद बाजूला ठेवून ‘कायद्याचा इतिहास’ या विषयांत पीएच. डी. करावयास निघाला, म्हणजे घरांतील वडील मंडळी त्याला विचारतात, “अरे, रद्द झालेले कायदे आणि कालवश झालेले पक्षकार यांचा अभ्यास करून मिळणार काय?” प्रश्न रास्त आहे. आयुष्यांतील चार-पांच वर्षें खर्चावयाचीं, तर तीं कशासाठीं हें सांगतां आलें पाहिजे. तें उत्तर मी आज आपल्या मुंबईंतच घडलेल्या एका खटल्याच्या आधारें देणार आहें.

केंब्रिजचे प्राध्यापक मेटलंड यांनीं १८८८ सालीं आपल्या पहिल्या व्याख्यानांत एक मार्मिक भेद दाखविला. जुना निवाडा वकीलहि वाचतो आणि इतिहासकारहि वाचतो. परंतु वकिलाला त्यांत आधार हवा असतो, तर इतिहासकाराला पुरावा. हा निवाडा आज माझ्या पक्षकाराच्या कामीं येईल काय, हा वकिलाचा प्रश्न. तो त्या काळीं असाच कां झाला, हा इतिहासकाराचा. कायदा शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ही दृष्टि बदलणें हीच पहिली साधना असते.

आतां तो खटला पाहूं. रखमाबाईंचा विवाह त्या अकरा वर्षांच्या असतांना दादाजी भिकाजी यांच्याशीं झाला. पण त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत. आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं त्या राहिल्या व वाढल्या. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत वैवाहिक हक्क परत मिळविण्याचा दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. १८८६ सालीं सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ति बेली यांनीं हा निर्णय फिरविला. पुढें १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईंनीं एका महिन्याच्या आंत पतीकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. कैद पत्करीन, पण जाणार नाहीं, असें त्या बाईंचें उत्तर होतें. शेवटीं १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनीं सुरत व राजकोट येथें रुग्णसेवा केली.

सामान्य वाचकाची कथा येथें संपते. संशोधकाची येथून सुरू होते. त्या वेळीं ‘केसरी’सारख्या पत्रांनीं पिन्हेसाहेबांच्या निवाड्यावर कडक टीका केली, हिंदु धर्मावर घाला पडतो आहे, अशी पुष्कळांची भावना होती. मग संशोधक विचारतो, पत्नीला तुरुंगाचा धाक घालणारा हा दावा आला तरी कोठून? तो जुने निवाडे पाहूं लागतो. १८६७ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें बंगालमधील एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणांत असा दावा येथील दिवाणी न्यायालयांत चालूं शकतो, असें ठरविलें होतें. त्याच्या मागें जावें, तर वाट इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मन्यायालयांत जाऊन पोंचते. पत्नीच्या कर्तव्यांविषयीं आपल्या धर्मशास्त्रांत पुष्कळ सांगितलें आहे. पण अशा दाव्याला हिंदु कायद्यांत आधार नाहीं, हें खुद्द पिन्हेसाहेबांनींच म्हटलें होतें. कैदेची तरतूद तर १८८२ च्या दिवाणी कार्यविधीच्या कायद्यांतली! आणि ज्या १८८४ सालीं मुंबईंत हा दावा दाखल झाला, त्याच सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें आपल्या देशांत या कारणासाठीं होणारी कैद बंद केली. धर्मरक्षणाच्या भावनेनें जें शस्त्र लोकांनीं उचलून धरलें, तें विलायतेंत घडलेलें होतें.

परंतु एवढ्यावरून त्या काळच्या लोकांना हंसणें हा इतिहास नव्हे. परक्या सरकारचा न्यायाधीश आपल्या माजघरांत पाऊल टाकतो आहे, ही त्यांची भीति खरी होती. तिचें वजनहि प्रबंधांत आलें पाहिजे. शिवाय निवाड्यांच्या ग्रंथांतून न्यायाधीश आणि वकील बोलतात. जिच्यावर खटला, ती बहुधा मुकीच असते. रखमाबाईंचा आवाज आपणांस ऐकूं येतो, कारण त्यांनीं १८८५ सालीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें पत्रें लिहिलीं. म्हणून संशोधकाला न्यायालयाच्या दप्तराबाहेरहि हिंडावें लागतें. विषय पेशवाईंतला असेल तर मोडी, स्मृतिग्रंथांचा असेल तर संस्कृत यावें लागतें. महामहोपाध्याय काणे यांचे १९३० ते १९६२ या काळांत निघालेले धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड हाताशीं असूनहि मूळ ग्रंथ उघडण्याचा कंटाळा करून चालत नाहीं.

विषय मात्र लहान निवडावा. ‘हिंदु कायद्याचा इतिहास’ हा एका जन्माचा विषय नव्हे; रखमाबाईंच्या एकाच खटल्यावर मात्र सुधीर चंद्र यांनीं १९९८ सालीं संबंध ग्रंथ लिहिला. लहान प्रश्न, मूळ कागद आणि विरुद्ध बाजूच्या पुराव्याचा प्रामाणिक विचार, हेंच या विद्येचें भांडवल. मार्गदर्शक आणि परीक्षक शेवटीं एवढेंच पाहतात कीं, आजवर ठाऊक नसलेलें काय तुम्हीं सिद्ध केलें?

आणि श्रोतेहो, हा विषय मेलेला आहे असेंहि नाहीं. १९२३ सालीं या हुकुमांतील कैद गेली. पण दावा राहिला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमांत तो पति-पत्नी दोघांनाहि दिला आहे, आणि हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणतां येते. १९८३ सालीं आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वैध ठरविलें. तें ठेवावें कीं काढावें, हा वाद विधिमंडळानें आणि न्यायालयांनीं सोडवावयाचा आहे. परंतु ‘ही आमची सनातन चाल आहे’ असें म्हणून तो कोणी सोडवूं लागला, तर त्याच्यापुढें त्या कलमाची कुळकथा मांडणारा कोणी तरी असला पाहिजे. तेवढ्यासाठीं घरांतील एका तरुणानें चार-पांच वर्षें जुन्या दप्तरांत घालविलीं, तर वडील मंडळींनीं तीं वायां गेलीं असें मानूं नये.