धावणाऱ्याचा गुडघा आणि स्टेम सेलचे इंजेक्शन

सोमवारची ओपीडी होती. मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येणारे एक गृहस्थ समोर बसले. वय ४६, जिल्हा परिषदेत लिपिक. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले, तेव्हा उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर होती आणि वजन ९१ किलो. मी सांगितले म्हणून चालायला लागले, मित्रांच्या नादाने धावायला लागले आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट दोनदा चढून-उतरून आले. वजन ७४ किलोवर आले, गोळ्या निम्म्या झाल्या. त्या दिवशी मात्र त्यांनी साखरेचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दुसरीच फाइल उघडली. आत गुडघ्यांचा एमआरआय होता आणि एका खासगी क्लिनिकने दिलेला खर्चाचा अंदाज. दोन्ही गुडघ्यांत स्टेम सेलची इंजेक्शने, खर्च दोन लाखांच्या वर.

“फंडातून पैसे काढायचा अर्ज भरलाय, साहेब. म्हटलं, द्यायच्या आधी तुम्हाला एकदा विचारावं.”

“गुडघे दुखतात हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं की. आठ महिन्यांपूर्वी. तुम्ही म्हणालात, पळणं बंद करा.”

मी केसपेपर मागे उलटून पाहिला. माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘गुडघेदुखी. पळणे टाळावे.’ खाली पाच दिवसांची वेदनाशामक गोळी. बाहेरच्या रांगेकडे बघत दोन ओळी लिहून मी मोकळा झालो होतो. ज्या माणसाने धावून मधुमेह आटोक्यात आणला, त्याचे सर्वांत चांगले औषधच मी काढून घेतले आणि बदल्यात काही दिले नाही. ती पोकळी क्लिनिकच्या जाहिरातीने भरून काढली. त्या दिवशी त्यांच्याशी जे सविस्तर बोललो, ते इथे मांडतो आहे. कारण हल्ली असे धावपटू दर महिन्याला भेटू लागले आहेत.

दुखते नेमके काय?

धावणाऱ्यांचे गुडघे दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे. जिना किंवा घाट उतरताना, उकिडवे बसताना, सिनेमागृहात बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर ते वाढते. दुसरे दुखणे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, मांडीवरून खाली येणाऱ्या जाड पट्ट्याचे. या दोन्हींत सांधा ‘संपलेला’ नसतो. बहुतेक वेळा मांडीचे आणि कमरेचे स्नायू जेवढा भार पेलू शकतात, त्यापेक्षा जास्त भार आपण घाईने टाकलेला असतो. आठवड्याला २० किलोमीटर धावणारा माणूस स्पर्धा जवळ आली म्हणून एकदम ४०वर जातो, त्यात घाटाचा उतार, आणि गुडघा तक्रार करतो.

“पण एमआरआयमध्ये कूर्चा झिजलीय असं आलंय,” गृहस्थ म्हणाले. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे जे गुळगुळीत आवरण असते, ती कूर्चा. तिच्यात ना रक्तवाहिन्या असतात, ना वेदना नेणाऱ्या नसा. त्यामुळे एमआरआयमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचे गणित सरळ नसते. ज्यांचे गुडघे कधी दुखले नाहीत, ज्यांना कधी दुखापत झाली नाही, अशा लोकांच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या अशा धडधाकट लोकांपैकी ४३ टक्क्यांच्या कूर्चेत दोष होते आणि १९ टक्क्यांच्या मेनिस्कसमध्ये, म्हणजे गुडघ्यातल्या गादीत, चीर होती. चाळिशीनंतर कानशिलावरचे केस पिकावेत, तसेच हे. रिपोर्टमधला प्रत्येक जड शब्द म्हणजे आजार नव्हे.

“मग धावल्याने गुडघे झिजत नाहीत?” हा पुढचा प्रश्न येतोच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी साडेतीन टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात आढळला. बैठे आयुष्य जगणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या थोडे वर, तर व्यावसायिक पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या वर होते. हौशी धावपटूंत मुळातच निरोगी माणसे जास्त असतात, त्यामुळे एवढ्यावरून धावणे गुडघे वाचवते असे म्हणता येणार नाही. पण बेताने धावणे गुडघे खाते, ही भीतीही त्या आकड्यांत टिकत नाही.

सुईत काय असते?

लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते की, एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही वैद्यकशास्त्राची ही अडचण पूर्ण सुटलेली नाही. म्हणूनच मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, हा शब्द एवढा मोहक वाटतो. नवी पेशी सोडा, नवी कूर्चा उगवेल!

प्रत्यक्षात या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी टोचल्या जातात. कुठे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून, ती यंत्रात फिरवून दाट केलेला भाग. कुठे पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी. कुठे दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेले औषध, तर कुठे नाळेपासून बनवल्याचे सांगितलेली बाटली. अस्थिमज्जेतल्या केंद्रक असलेल्या एक लाख पेशींमागे आपल्याला हव्या त्या मूलपेशी साधारण एक ते दहाच असतात. म्हणजे क्लिनिकमध्ये काढून लगेच टोचलेल्या द्रवात मूलपेशींचे प्रमाण नावापुरतेच असते.

बरे, त्या पेशी तरी सांध्यात जाऊन कूर्चा बनतात का? या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ अरनॉल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केले. २०१७ मध्ये त्याच कॅप्लन यांनी लेख लिहून हे नाव बदला असे सुचवले. या पेशी शरीरात गेल्यावर स्वतः नवे अवयव घडवत नाहीत, त्या आजूबाजूच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, तेव्हा त्यांना ‘स्टेम’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बारसे करणारा माणूसच नाव परत घ्या म्हणतो, हे विज्ञानात वारंवार घडत नाही. जाहिरातींनी मात्र जुने नाव धरून ठेवले आहे.

पुरावा काय सांगतो?

२०२३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताचे सुमारे पावणेपाचशे रुग्ण तिच्यात होते. काहींना स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या, काहींना स्वतःच्या चरबीतल्या, काहींना नाळेतल्या पेशी दिल्या, तर काहींना साधे स्टेरॉइडचे इंजेक्शन. एका वर्षानंतर वेदनेच्या बाबतीत कोणत्याही पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत. एमआरआयमध्येही फरक दिसला नाही. याचा अर्थ स्टेरॉइड उत्तम, असा कुणी घेऊ नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली होती आणि वेदना काही कमी नव्हत्या.

२०२५ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत मिळून १३०० हून अधिक रुग्ण होते. निष्कर्ष असा की, वेदना आणि हालचाल यांत मूलपेशींनी थोडासा फायदा होत असेल, पण त्याची खात्री कमी आहे.

आपल्या देशातली बाजूही सांगायला हवी. दात्याच्या अस्थिमज्जेतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या एका भारतीय औषधाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातासाठी मंजुरी मिळाली. १४६ रुग्णांच्या चाचणीत ते घेतलेल्यांना वर्षभरानंतर नुसते द्रावण घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम होता. म्हणजे या क्षेत्रात सगळेच थोतांड आहे, असे मी म्हणणार नाही. पण ती मंजुरी विशिष्ट औषधाला आहे आणि झिजेच्या दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णांसाठी आहे. त्याचा दाखला देऊन कुणी घाट उतरताना वाटी दुखणाऱ्या धावपटूला दुसरेच काही टोचत असेल, तर तो पुरावा त्याच्या कामाचा नाही.

“पण आमच्या ग्रुपमधला एक जण घेऊन बरा झालाय.” हे वाक्य मी नेहमी ऐकतो आणि ते खोटे नसते. इंजेक्शननंतर सहा आठवडे धावणे बंद ठेवतात, सोबत व्यायाम सुरू होतो, दुखण्याचे चढ-उतारही आपोआप होतच असतात, आणि लाखभर रुपये मोजल्यावर मनाला आशाही वाटते. बरे वाटण्यात यातल्या प्रत्येकाचा वाटा असतो. रक्तातल्या प्लेटलेट टोचण्याच्या, म्हणजे पीआरपीच्या, एका चाचणीत २८८ रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना मिठाचे पाणी दिले होते. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वेदना मोजायच्या ० ते १० मापावर पीआरपीच्या गटात वर्षभरात २.१ने उतार पडला. मिठाच्या पाण्याच्या गटात १.८ने. दोन्ही गटांना बरे वाटले, पण त्याचे श्रेय सुईतल्या पदार्थाला फारसे देता येत नाही.

विचारायचे चार प्रश्न

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट होती. रक्ताच्या ठरावीक आजारांमधले प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. म्हणून कुणी असे इंजेक्शन सुचवले तर शांतपणे विचारा. एक, माझे निदान नेमके काय आणि ते कोणत्या श्रेणीचे? दोन, टोचणार आहात त्या औषधाचे नाव काय आणि याच आजारासाठी औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे का? तीन, ही चाचणी असेल तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक काय? ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. आणि चाचणी असेल तर मी पैसे का द्यायचे? चार, अपाय काय होऊ शकतो?

चौथ्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे उत्तर आले तर उठून यावे. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेली अशी इंजेक्शने घेतलेल्या १२ जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले होते. मधुमेही माणसाने तर सांध्यात शिरणाऱ्या प्रत्येक सुईबाबत जास्तच सावध राहायला हवे.

मग करायचे काय?

आठ महिन्यांपूर्वी मी जे लिहायला हवे होते, ते आता लिहून दिले. धावणे पूर्ण बंद नको, अंतर निम्मे करा. घाटाचा उतार काही आठवडे बंद. धावताना दुखणे दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळत असेल, तर चालेल. त्याहून जास्त असेल तर अंतर आणखी कमी करा. पावले थोडी लहान आणि जलद टाका. मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आठवड्यातून तीन दिवस व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी. सरकारी रुग्णालयातही हा विभाग असतो, आम्ही डॉक्टरच तिकडे पाठवायला विसरतो. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो.

काही लक्षणांत मात्र व्यायामाची वाट पाहू नये. मार लागल्यावर लगेच आलेली सूज, गुडघा मध्येच अडकणे किंवा दगा देणे, पायावर भार घेता न येणे, तापासोबत लाल आणि गरम झालेला सांधा, रात्री झोपमोड करणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

ते गृहस्थ साडेतीन महिन्यांनी परत आले. फंडाचा अर्ज दिलाच नव्हता. सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर विनातक्रार धावतात. उतारावर डावा गुडघा अजून कुरकुरतो, या वर्षी घाटाची स्पर्धा सोडून दिली, त्याची रुखरुख आहे. साखर मात्र आटोक्यात आहे. जाताना त्यांनी व्यायामाचा तो कागद परत मागितला. घडी पडून पडून फाटला होता, नवा हवा होता. मी त्याच्या पन्नास प्रती काढून टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. आता ‘पळणे टाळावे’ असे लिहायला हात गेला, की आधी तो खण उघडतो.