झालर काढणे, सिलिकोन रबरी वस्तूंची

साच्याच्या दोन भागांमधील सांध्यातून बाहेर दाबल्या गेलेल्या रबराचा जो पातळ पापुद्रा तयार वस्तूच्या कडेस चिकटून राहतो, त्यास कारखान्यांत ‘फ्लॅश’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘झालर’ हा शब्द वापरला आहे. प्रेशर कुकरची रिंग, दूधनळीच्या जोडातील गॅस्केट, वैद्यकीय नळीतील झडप यांसारख्या वस्तू झालर काढल्याखेरीज वापरण्यायोग्य होत नाहीत. सिलिकोन रबराच्या बाबतीत हे काम इतर बहुतेक रबरांपेक्षा अवघड असते.

झालर येण्याची कारणे मुख्यतः साच्यात असतात. सांध्याचे पृष्ठभाग झिजलेले किंवा वाकलेले असणे, साच्यात जरुरीपेक्षा जास्त माल भरणे व दाबयंत्राचा जोर अपुरा पडणे ही नेहमीची कारणे होत. साच्यातील पोकळ्यांचे वरून दिसणारे एकूण क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. व आतील दाब दर चौ. सेंमी.स १०० किग्रॅ. असल्यास साचा उघडू पाहणारा जोर २० टन होतो. दाबयंत्र याहून कमी जोराचे असेल, तर सांधा फाकणारच. यात तापमानाची भर पडते. सिलिकोन रबराचे औष्णिक प्रसरण पोलादाच्या वीसपटीहून अधिक असते. थंड असताना काठोकाठ भरलेल्या साच्यातील माल १७०° से. पर्यंत तापताना सु. दहा टक्क्यांनी वाढू पाहतो आणि जी फट सापडेल तीतून बाहेर पडतो. अंतःक्षेपणाने साच्यात भरावयाचे द्रव सिलिकोन रबर तर इतके प्रवाही असते की, ०·००५ मिमी.ची (माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी) फट त्यास पुरते.

यामुळे चांगला साचाकार झालर टाळण्याचा प्रयत्न करतोच, पण ती येणार हे गृहीत धरून तिला जागाही करून देतो. पोकळीच्या कडेलगत अरुंद धार व तिच्या बाहेर एक खोबण ठेवतात. जादा माल धारेवरून खोबणीत जाऊन तेथे जाड कडे तयार होते व धारेपाशी मात्र पापुद्रा अत्यंत पातळ राहतो. साच्यातून काढल्याबरोबर, वस्तू गरम असतानाच, ते कडे ओढले असता झालर धारेवरच फाटून निघते. सिलिकोन रबराची फाटण्यास विरोध करण्याची क्षमता मुळात बेताची असून गरम स्थितीत ती आणखी कमी होते; एरवी दोष ठरणारा हा गुण येथे उपयोगी पडतो. परंतु पापुद्रा जाड राहिला असेल, तर चीर धार सोडून वस्तूच्या अंगात शिरते. अशी बारीक चीर वापरात वाढत जाते. उरलेली बाष्पनशील द्रव्ये घालविण्यासाठी वस्तू सु. २००° से. तापमानास काही तास भट्टीत ठेवतात. झालर सामान्यतः त्यापूर्वी काढतात.

थोड्या संख्येच्या वस्तूंसाठी कात्री, पाते व चिमटा ही साधने आजही वापरली जातात. चपट्या गॅस्केटांची कड ठशाने कापतात. घासून झालर काढणे मात्र फारसे साधत नाही, कारण पापुद्रा घर्षणचाकापुढे वाकतो व तुटत नाही.

वाकणारा पापुद्रा तुटावा म्हणून तो गोठविणे, हा यावरील मार्ग होय. अतिशय थंड केले असता रबर काचेसारखे ठिसूळ होते. पातळ झालर प्रथम गोठते व जाड अंग काही काळ लवचिक राहते. तेवढ्या अवधीत वस्तू फिरत्या पिंपात घोळवून त्यांवर पॉलिकार्बोनेटाचे बारीक कण वेगाने मारतात व झालर तुटून पडते. नैसर्गिक रबर सु. −७०° से. च्या आसपास ठिसूळ होत असल्याने अशा रबरांसाठी पूर्वी घन कार्बन डाय-ऑक्साइड (−७८·५° से.) वापरीत. सिलिकोन रबराच्या रेणुशृंखलेतील सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सहज वळतात व तिचे काचरूप संक्रमण सु. −१२०° से. च्याही खाली होते. म्हणून त्यास द्रव नायट्रोजनच (उकळबिंदू −१९६° से.) लागतो. वेळ वा थंडी जास्त झाल्यास अंगही ठिसूळ होऊन कडा कपचतात. योग्य मर्यादा प्रत्येक वस्तूसाठी चाचणीनेच ठरवावी लागते. द्रव नायट्रोजन ग्रामीण महाराष्ट्रास अपरिचित नाही. अकलूजसारख्या (ता. माळशिरस, जि. सोलापूर) दूधधंद्याच्या भागात कृत्रिम रेतनासाठी गोठविलेले रेत त्याच द्रवाच्या पात्रातून नेले जाते.

दूधधंद्यात झालरीचा प्रश्न आरोग्याचा असतो. गॅस्केटाच्या आतील कडेस झालर राहिल्यास ती दुधाच्या प्रवाहात डोकावते, तिच्या आडोशाला दुधाचा थर साचतो व नळ्या धुतल्यानंतरही तेथे सूक्ष्मजंतू वाढतात. बाहेरील कडेची झालर बहुधा निरुपद्रवी असते. तपासणी करणारे बाहेरची कड पाहून समाधान मानतात, हे चुकीचे आहे. साखर कारखान्यातील उच्च दाबाच्या वाफेच्या नळ्यांसाठी मात्र सिलिकोन रबर, कितीही नीट कापलेले असले तरी, योग्य नाही. तशा वाफेने त्याची रेणुशृंखला तुटत जाते. वर्तुळाकार छेदाच्या कड्यांवरील (‘ओ-रिंग’) झालर व इतर पृष्ठदोष यांच्या मर्यादा आयएसओ ३६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिल्या आहेत. वैद्यकीय वस्तूंत अर्धवट सुटलेला कण शरीरात जाण्याचा धोका असल्याने त्या वर्धकाखाली तपासतात.

काढलेली झालर पुन्हा वितळवून वापरता येत नाही, कारण व्हल्कनीकरणाने रेणुशृंखला आडबंधांनी कायमच्या जोडलेल्या असतात. ती दळून नव्या मालात भरण म्हणून थोड्या प्रमाणात मिसळतात.

गोठवणयंत्राच्या खोलीत वायुवीजन आवश्यक असते. १ लि. द्रव नायट्रोजनापासून नेहमीच्या तापमानास सु. ७०० लि. वायू होतो. त्यास रंग वा वास नसल्याने हवेतील ऑक्सिजन घटल्याची जाणीव कामगारास होत नाही व तो एकाएकी बेशुद्ध पडतो. अशा खोलीत ऑक्सिजनमापक बसवितात व पिंपाच्या निकास वायूची नळी इमारतीबाहेर नेतात.