झाडाखालचे मीठ

१९२४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याचा निबंध छापून आला. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवणारे ओढे खारट होत चालले होते, बॉयलर त्या पाण्याने खराब होत होते. कारण शोधत वुड आजूबाजूच्या रानापर्यंत पोहोचले. जिथे मूळची झाडी तोडून शेती झाली तिथले पाणी काही वर्षांत खारे झाले होते. रान शाबूत होते तिथले गोडे राहिले होते. एवढे छापून आल्यावरही तोड थांबली नाही. उलट १९६०च्या दशकात याच राज्यात वर्षाला दहा लाख एकर नवी जमीन लागवडीखाली आणण्याचा धडाका चालू होता. वुड यांचे म्हणणे कोणी खोडून काढले होते असे नाही. पण किती झाडे तोडली की किती वर्षांनी किती मीठ वर येते, हा हिशेब कोणाजवळच नव्हता, आणि हिशेब नसलेला इशारा बाजूला सारणे सोपे असते. तो हिशेब पुढे याच राज्यातल्या कॉली नदीच्या खोऱ्यातल्या पाच छोट्या ओहोळांवर मांडला गेला. जमीन, पाणी आणि मूळ वनस्पती यांचा एकत्र विचार करणारे संशोधन कसे करावे, याचे इतके प्रामाणिक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. त्याची मुख्य किंमत काळाच्या रूपात मोजावी लागते, हेही त्यातूनच कळते.

मीठ आले कुठून, हे आधी समजून घ्यायला हवे. समुद्रावरून येणाऱ्या प्रत्येक पावसात थोडे मीठ असते: किनाऱ्याजवळ हेक्टरी वर्षाला शंभर किलोहून अधिक, आत दूरवर वीसेक किलो. जारा, मारी, वांडू ही तिथली झाडे खोल मुळांची आणि बारमाही हिरवी आहेत. पडलेला जवळजवळ सगळा पाऊस ती पिऊन हवेत सोडतात आणि मीठ मुळांखालच्या मातीत मागे राहते. हजारो वर्षे हे असेच चालले. गव्हाची मुळे उथळ आणि पीक काही महिन्यांचेच. त्याला न लागलेले पाणी खाली झिरपते, भूजल चढू लागते आणि वाटेतले साठलेले मीठ विरघळवत वर येते. पृष्ठभागापासून दोनेक मीटरवर आले की केशाकर्षणाने ते वर पोहोचते. मग जमिनीवर पांढरा पापुद्रा धरतो आणि ओढा खारट होतो.

१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात कॉलीच्या खोऱ्यात पाच पाणलोट निवडून प्रत्येकाच्या तोंडाशी मोजणी बसवली: ओढ्याच्या आडव्या भिंतीत धातूच्या पत्र्याला कापलेली इंग्रजी व्ही आकाराची खाच. खाचेतल्या पाण्याची उंची कळली की प्रवाह काढता येतो, विद्युतवाहकता मोजली की मीठ. उतारांवर जमिनीत नळ्या उतरवल्या. त्यांतले पाणी मोजायचे साधन साधेच आहे: मोजपट्टीच्या टोकाला तळाशी पोकळ असलेले धातूचे वजन. ते पाण्याला टेकते तेव्हा डुबकन आवाज होतो. तिथेच पट्टी धरायची आणि आकडा लिहायचा. सुरुवातीची काही वर्षे काहीच न करता नुसते मोजले, कारण जंगल उभे असताना ओढा कसा वागतो हे कळल्याशिवाय तोडीचा परिणाम कशाशी ताडून पाहणार? मग १९७६-७७ मध्ये वाइट्स हा पाणलोट पूर्ण तोडला, लेमन निम्म्याच्या आसपास आणि डॉन्स एक तृतीयांशाहून थोडा अधिक. सॅमन आणि अर्नीज हे दोन तुलनेसाठी तसेच ठेवले. वाइट्समध्ये पाऊस अकराशे-बाराशे मिलिमीटर, भूजलही उथळ. तिथे प्रवाह लगेच वाढला आणि मीठही थोड्याच वर्षांत दिसले. लेमनमध्ये पाऊस सातशे-आठशे, पाणी खोल. तिथे वर्षामागून वर्ष गेले तरी ओढ्यात खारटपणा आला नाही. मात्र नळ्यांतले पाणी वर्षाला मीटरभराहून जास्त चढत होते, आणि सुमारे दहा वर्षांनी ते दरीच्या तळाशी पोहोचले तेव्हा ओढ्यातले मीठ एकाएकी कित्येक पटींनी वाढले. पाचव्या वर्षी कोणी अहवाल मागितला असता, तर निम्मे रान तोडूनही काही बिघडत नाही असा निष्कर्ष निघाला असता.

या प्रयोगावरचा पहिला आक्षेप नैतिक आहे: जे वुड यांनी सांगितलेच होते ते पुन्हा सिद्ध करण्यासाठी जंगल का तोडायचे? दुसरा व्यवहाराचा आहे. सरकारने १९७६ मध्येच कायदा बदलून कॉली नदीवरच्या वेलिंग्टन धरणाच्या पाणलोटातली तोड रोखली, मग निकालाची गरज उरली कुठे? पण कायदा फक्त थांबा म्हणतो. त्या वेळी जारा वनात बॉक्साइटच्या खाणी आणि लगद्यासाठीची लाकूडतोड यांचे मोठे प्रश्न उभे होते, आणि कुठल्या पट्ट्यात काय चालेल हे ठरवायला पर्जन्यमान, मीठसाठा आणि वेळ यांचा एकत्र आकडा लागत होता. जास्त पावसाच्या पट्ट्यातले मीठ बरेचसे धुऊन गेलेले, कमी पावसाच्या पट्ट्यात ते दडून बसलेले. त्यामुळे सगळ्या जंगलाला एकच नियम लावला की एकीकडे उगाच मनाई होते, दुसरीकडे धोका मोकळा राहतो. तोडलेले रान परत लावायचे तर किती, याचाही अंदाज अशाच मोजणीतून बांधता येतो, आणि कॉलीत सरकारने हजारो हेक्टर शेती विकत घेऊन तिथे झाडे लावली. नैतिक आक्षेपाचे मात्र पूर्ण निरसन होत नाही. तिन्ही पाणलोट मिळून काही चौरस किलोमीटरांचेच होते एवढेच म्हणता येते.

सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला यातले विज्ञान ओळखीचे वाटेल. तिथे झाडांऐवजी कालवा आणि उसाचे जादा पाणी कारणीभूत आहे, पण वर चढणारे पाणी आणि क्षारपड जमीन तीच. १९१६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि पुढे खडकवासल्याचे अनुसंधान केंद्र बनलेल्या विभागासमोरही दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींचा प्रश्न होता. आपल्याकडे निचऱ्याच्या नळ्या टाकून पाणी काढता येते. ऑस्ट्रेलियातल्या सपाट माळावर काढलेले खारे पाणी सोडायचे कुठे, हाच मोठा पेच.

खरी अडचण पुढची आहे. १९७०च्या दशकापासून नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातला हिवाळी पाऊस पंधरा ते वीस टक्क्यांनी घटला. त्यामुळे तुलनेसाठी राखलेल्या जंगलांतलेही भूजल खाली गेले, म्हणजे ज्या मापाने मोजायचे ते मापच सरकले. २००१ च्या राष्ट्रीय पाहणीने देशात ५७ लाख हेक्टर जमीन खारावण्याच्या धोक्यात असल्याचे आणि २०५० पर्यंत ती १ कोटी ७० लाखांवर जाईल असे सांगितले होते; पाऊस घटल्याने हे अंदाज फुगलेले वाटू लागले आणि टीकाकारांना निमित्त मिळाले. भाकितात सुधारणा हवीच. पण पाऊस कमी झाला म्हणून मातीतले मीठ कमी झालेले नाही, आणि ओल्या वर्षांची एक मालिका ते पुन्हा हलवू शकते.

झाडे लावून मीठ खाली ढकलता येते, मात्र तीच झाडे धरणात येणारे पाणीही पितात. वेलिंग्टनचे पाणी इतके खारावले की गावांच्या पिण्यासाठी १९९० मध्ये हॅरिस धरण बांधावे लागले. आता पाऊस आटलेला असताना त्या खोऱ्यात आणखी रान वाढवले तर पाणी गोडे होईल पण कमी येईल. नाही वाढवले तर अधिक येईल पण खारे. दोन्हींमधली रेघ कुठे ओढायची, हे नळ्यांतले पाणी वर्षानुवर्षे मोजूनच ठरेल. आणि पैसा तीन-पाच वर्षांच्या प्रकल्पांतून येतो. या क्षेत्रातल्या संशोधनाला पैसा पुरवणारी लँड अँड वॉटर ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था २००९ च्या अर्थसंकल्पात बंद करण्यात आली. लेमनचा ओढा दहा वर्षे गोडा वाहिला होता. तशा दहा वर्षांसाठी दर महिन्याला नळीत वजन सोडणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या प्रकल्पाच्या खात्यावर टाकायचा, याची सोय अजून झालेली नाही.