लेव्हल नेमकी वाढते कुठून?

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी ओतून झालेलं, आणि भाचा टीव्हीसमोर मांडी घालून 'द विचर ३' खेळत बसलेला. पडद्यावर गेरल्ट, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा त्या गेमचा नायक, गावाबाहेरची रानटी कुत्री मारत होता. कुत्री संपली की भाचा त्याला ध्यानाला बसवायचा, गेममधले दोन-चार दिवस जाऊ द्यायचा आणि पुन्हा त्याच माळावर न्यायचा.

"काय करायलास रे?"

"लेव्हल वाढवायलोय, मामा. पाचवर गेल्याशिवाय त्या ग्रिफिनच्या वाटेला जात नाही."

दोन दिवस त्याचं हेच चाललं होतं. त्या गेममध्ये सुरुवातीच्या प्रत्येक लेव्हलला १००० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण लागतात. एका कुत्र्यामागे मिळतात ते बोटांवर मोजण्याइतके. आणि ग्रिफिन या उडत्या राक्षसाच्या मोहिमेपुढे गेमने स्वतःच लेव्हल ३ सुचवलेली आहे. परीक्षेनंतरची मोजकी सुट्टी अशी जाताना पाहून मला वाईट वाटलं. मी स्वतः पंधरा वर्षं रोल-प्लेइंग गेम खेळतोय आणि त्यातली निदान दोन वर्षं अशीच कुत्री मारण्यात घालवली आहेत.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हाच: जितकं जास्त माराल, तितकं लवकर वाढाल. विचरमध्ये एक्सपीचा मोठा साठा कथेच्या आणि जोडमोहिमांमध्ये ठेवलेला आहे. मारामारीतून मिळतो तो चिल्लर. शिवाय एखाद्या मोहिमेच्या सुचवलेल्या लेव्हलपेक्षा तुम्ही सहा किंवा जास्त लेव्हल पुढे गेलात, की ती यादीत करडी पडते आणि तिचे गुण नावापुरते उरतात. म्हणजे आधी भरपूर तयारी करून मग कथा खेळू म्हणणारा माणूस पुढचं धान्य आधीच वाया घालवतो.

त्याहून मोठी गोष्ट भाच्याच्या नजरेतून सुटली होती. व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच भागात शक्तीची सहा ठिकाणं आहेत, उभ्या कोरीव दगडांची. प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा हात टेकवला की एक कौशल्यगुण मिळतो, आणि एक लेव्हल वाढल्यावरही तेवढाच एक मिळतो. सहा लेव्हलचे कौशल्यगुण त्या माळाच्या आसपास पडलेले होते. ते त्याने घेतले नव्हते. ओसाड वाडीतल्या विहिरीजवळची भर दुपारी दिसणारी हडळ, तिची मोहीमही त्याने 'साइड आहे' म्हणून सोडलेली. विहिरीत उतरून तिचं कडं शोधायचं आणि अवशेषांसोबत जाळायचं, अशी ती गोष्ट आहे. भर बाराला विहिरीकडे जाऊ नये, हे आजीकडून ऐकत वाढलेल्या पोराने ती सोडावी याचं मला फार नवल वाटलं.

मारण्यातूनच वाढ होते हा समज आला कुठून? पहिल्या खेळात तर तसं नव्हतंच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ आणला आणि लेव्हल, एक्सपी हे शब्द तिथून पसरले. त्यात एका सोन्याच्या नाण्याला एक गुण असा हिशोब होता. राक्षस मारून मिळणारे गुण त्यापुढे किरकोळ असत. खजिना घेऊन जिवंत बाहेर पडणारा शहाणा ठरे. पुढे १९८६ मध्ये जपानमध्ये युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. हाताचा वेग नसलेल्यालाही चिकाटीने गेम संपवता यावा, म्हणून तिथे लढत राहून वाढण्याला मोठं महत्त्व दिलं गेलं. तेव्हा ग्राइंड करण्याची, म्हणजे त्याच त्याच लढाया लढत राहण्याची सवय बिनबुडाची नाही. ती एका विशिष्ट जातीच्या गेमची आहे आणि आपण ती सरसकट सगळीकडे लावतो.

दुसरा समज गणिताचा आहे: लेव्हल ५० म्हणजे १०० ची निम्मी वाट. पोकेमॉनमधला पिकाचू घ्या. त्याला एखादी लेव्हल गाठायला एकूण लागणारे गुण म्हणजे त्या आकड्याचा घन. ५० ला १,२५,००० आणि १०० ला १०,००,०००. पन्नासाव्या लेव्हलला वाट फक्त एक अष्टमांश संपलेली असते. ४९ वरून ५० ला जायला ७,३५१ गुण पुरतात. ९९ वरून १०० ला २९,७०१ लागतात. म्हणून जुन्या, सोप्या जागी राहून वाढत राहणं दिवसेंदिवस महाग पडतं. मिळकत तेवढीच राहते आणि किंमत चढत जाते.

आणि वाढलेली प्रत्येक लेव्हल सारखीच उपयोगी, हेही खरं नाही. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये व्हिगर या गुणावर आयुष्याची पट्टी ठरते. व्हिगर ४० असताना ती १४५०, ६० ला १९००, आणि ९९ ला जेमतेम २१००. साठच्या पुढे ३९ लेव्हल खर्चून २०० मिळतात. तेवढ्याच रून्समध्ये, म्हणजे त्या गेमच्या चलनात, दुसरे गुण वाढतात, शस्त्र पक्कं होतं. त्या गेममध्ये मार वाढतो तो बराचसा शस्त्राच्या सुधारणेतून. कित्येकजण मलेनिया या अवघड शत्रूपाशी अडकून लेव्हल वाढवत बसतात आणि हातातली तलवार मात्र सुधारणेच्या +८ वरच असते.

काही गेममध्ये तर वाढणंच अंगावर येतं. 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) शत्रू तुमच्याबरोबर वाढतात. लढाईशी संबंध नसलेल्या कौशल्यांवर लेव्हल चढवलीत, तर साधे दरोडेखोर भारी चिलखत घालून समोर उभे राहतात आणि तुम्हाला तलवार नीट चालवता येत नाही. 'फायनल फँटसी ८' मध्येही (१९९९) शत्रू तुमच्या सरासरी लेव्हलकडे बघून ठरतात, म्हणून जाणकार मुद्दाम कमी लेव्हलवर राहतात. 'स्कायरिम'मध्ये लोखंडी खंजीर शेकड्यांनी घडवून लोहारकाम वाढवा, असा सल्ला अजून कानोकानी फिरतो. २०१२ च्या सुधारणेनंतर गुण वस्तूच्या किमतीवर मिळू लागले आणि तो सल्ला तेव्हाच शिळा झाला.

रात्रभर जागण्याबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचंय. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये बक्षिसं उचलायला रेझिन लागतं. दर आठ मिनिटांना एक भरतं आणि २०० ला थांबतं. म्हणजे रिकाम्यापासून पूर्ण भरायला २६ तास ४० मिनिटं. रेझिन संपल्यावर पहाटे चारपर्यंत जागलात तरी ती बक्षिसं वाढत नाहीत; दिवसातून एकदा अर्धा तास खेळणारा तुमच्या बरोबरीने चालतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची गोष्ट अजून बोलकी आहे. चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याचे गुण निम्मे व्हायचे. लोक चिडले. मग तोच हिशोब उलटा मांडला: विश्रांती घेऊन आलेल्याला मारामारीचे दुप्पट गुण. सरायीत झोपवलेलं पात्र दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती साठवतं, दीड लेव्हलपर्यंत. दहा दिवस गेम बंद ठेवलात तर ही शिदोरी भरते.

तयार वाढलेलं अकाउंट विकत घेणं, हा काहींना सगळ्यात झटपट मार्ग वाटतो. आमच्या शेजारच्या, टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोराने आठवड्याचा पगार देऊन असं एक अकाउंट घेतलं. चौथ्या दिवशी मूळ मालकाने जुन्या ईमेलवरून पासवर्ड बदलून ते परत काढून घेतलं. बहुतेक कंपन्यांच्या नियमात अशी खरेदी-विक्री बसतच नाही, त्यामुळे कंपनीकडे दाद मागायची सोय नव्हती. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

राहिल्या ट्रॉफ्या. त्यांनी पात्र बळकट होतं असं अनेकांना वाटतं. तसं क्वचितच असतं. ट्रॉफी किंवा अचिव्हमेंट गेमच्या बाहेर, तुमच्या खात्यावर जमा होते. एक्सबॉक्स ३६० ने २००५ मध्ये ही पद्धत रुजवली, २००८ मध्ये प्लेस्टेशनच्या ट्रॉफ्या आल्या. पण मूळ त्याहून जुनं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲक्टिव्हिजन कंपनी खेळाडूंना घरी कापडी बिल्ले पाठवायची. 'पिटफॉल'मध्ये २०,००० गुण केले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा, पोस्टाने पाठवायचा, आणि काही दिवसांनी धाग्याने भरलेला बिल्ला दारात. मागांच्या गावात वाढलेल्या मला ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा केवढा आनंद झाला होता.

ट्रॉफ्यांबद्दलचा खरा घातक समज म्हणजे 'आधी गेम संपवू, उरलेल्या नंतर बघू'. बऱ्याच ट्रॉफ्या नंतर मिळतात, हे खरं. पण काही कथेच्या एकाच वळणावर असतात आणि ते वळण गेलं की दार बंद. विचरमध्ये ग्वेंट या पत्त्यांच्या खेळातली सगळी पानं जमवायची ट्रॉफी आहे. त्यातली काही पानं नोव्हिग्राड या भागातल्या मुखवट्यांच्या मेजवानीत, तिथल्या स्पर्धेतच जिंकावी लागतात. किती पानं राहिली आणि कुठे मिळतील हे सांगणारं एक पुस्तक कंपनीने पुढे गेममध्येच घातलं, पण तेही हुकलेली मेजवानी परत आणून देत नाही. म्हणून कुठलाही लांबलचक गेम सुरू करताना मी एकच गोष्ट आधी शोधतो: यातल्या चुकणाऱ्या ट्रॉफ्या कोणत्या. बाकीचं गाइड बंद ठेवतो, कथेची मजा जाऊ नये म्हणून.

भाच्याने त्याच संध्याकाळी ती सहाही ठिकाणं शोधली, विहिरीतलं कडं काढलं आणि लेव्हल ३ वर ग्रिफिन पाडला, तिसऱ्या प्रयत्नात. परवा फोन आला. मेजवानीच्या दारात उभा होता आणि आत जाण्याआधी विचारत होता, "मामा, वेगळं सेव्ह करून ठेवलंय. किती पानं आहेत म्हणालास आत?"